मित्राच्या खांद्यावरचा हात

आपल्या शहरांतील रस्त्यांवरून एक दृश्य हळूहळू नाहीसे होत आहे आणि त्याची फारशी कोणी दखल घेतलेली नाही. दोन तरुण मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून किंवा करंगळीत करंगळी अडकवून निवांत चालले आहेत, हे दृश्य दोन पिढ्यांपूर्वी इतके सर्वसामान्य होते की त्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नसे. तालुक्याच्या बाजारात, गावच्या जत्रेत, एस. टी.च्या थांब्यावर ते आजही आढळते. परंतु पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांच्या आवारात ते विरळ होत चालले आहे. तेथे पाठीवर ओझरती थाप, मुठीला मूठ भिडविणे किंवा खांद्याला खांदा लावून तत्क्षणी दूर होणे, एवढ्यावर पुरुषांमधील जिव्हाळा आटोपतो. हात हातात थोडा अधिक वेळ राहिलाच, तर शेजारून कोणी तरी एक शब्द फेकतो, हशा पिकतो आणि हात सुटतात.

महागाई, बेकारी आणि परीक्षांचे गोंधळ यांनी माणूस गांजला असता मित्रांच्या हातांची चिंता कोणी करावी, असे कोणी विचारील. परंतु ज्या समाजात पुरुषाला स्वतःचे दुःख बोलून दाखविण्याचे वळण लहानपणापासून लावले जात नाही, उलट ‘रडतोस काय मुलीसारखा?’ असेच ऐकविले जाते, त्या समाजात मित्राचा हात हीच पुष्कळदा त्याची एकमेव भाषा असते. ती भाषा नाहीशी होत असेल, तर तिच्या जागी काय येत आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

ही भाषा आपल्याकडे उसनी आलेली नव्हती. वाल्मीकींचा राम निषादराज गुहाला कवेत घेतो आणि सुग्रीवाशी सख्य जोडताना त्याचा हात हाती घेऊन त्याला आलिंगन देतो. भागवतातील कृष्ण दारिद्र्याने गांजलेल्या बालमित्राला पाहताच धावत जाऊन मिठी मारतो आणि त्याच्या डोळ्यांना पाणी येते. आषाढी वारीच्या वाटेवर मिशा पिकलेले पुरुष आजही एकमेकांचे हात धरून फुगड्या घालतात आणि उराउरी भेटतात. दसऱ्याला आपट्याचे पान देऊन आणि ईदेला नमाजानंतर गळाभेट होतेच. गिरणगावात तर एकेका खोलीत गावाकडची वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. एक कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा पाठ टेकी. बायकामुले गावी आणि आपण मुंबईत, अशा जिण्यात तापाने फणफणलेल्या सोबत्याचे डोके मांडीवर घेणे यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मग हे बदलले कशामुळे? याची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, हे सारे पाश्चात्त्यांचे अनुकरण होय. दुसरे, समलिंगी संबंधांविषयीची चर्चा उघडपणे होऊ लागल्यामुळे निष्पाप मैत्रीही संशयित ठरली. या दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे, पण तेवढाच.

पाश्चात्त्य समाज मुळापासूनच असा आखडलेला नव्हता. अब्राहम लिंकन १८३७ मध्ये स्प्रिंगफील्डला आला, तेव्हा जोशुआ स्पीड या दुकानदाराच्या माडीवर सुमारे चार वर्षे तो त्याच्याच बिछान्यात झोपत असे. त्या काळी त्यात बोभाटा करण्यासारखे कोणाला काही दिसले नाही. आज मात्र त्यावर विद्वानांचे वाद झडतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन छायाचित्रांत मित्र हातात हात घालून, प्रसंगी एकमेकांच्या मांडीवर बसूनही, छायाचित्रकारापुढे निःसंकोच उभे ठाकलेले दिसतात. विसाव्या शतकात ते अंतराअंतरावर उभे राहू लागले. मधल्या काळात इंग्लंडमध्ये १८८५ चा कायदा झाला, १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डवर खटला चालून त्याला सक्तमजुरी झाली आणि पुरुषांच्या जवळिकीला एक नाव, एक गुन्हा व एक भय चिकटले. ते भय पुढे इतके मुरले की २००५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी आपल्या टेक्सासमधील शेतावर सौदी अरबस्तानच्या युवराजांचा हात धरून चार पावले टाकली, तेव्हा अमेरिकेत त्याची थट्टा झाली. अरबांच्या दृष्टीने तो साधा आदर होता.

आपल्याकडे कायदा त्याहून आधीच आला होता. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम हे इंग्रजांचेच अपत्य. परंतु येथे कायद्याच्या जोडीला संपूर्ण मौन होते. हे मौन किती कडक होते, याची साक्ष र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर १९३४ मध्ये झालेला खटला देतो. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, हाच त्यांचा अपराध ठरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. ज्या गोष्टीचा उच्चारच निषिद्ध, तिचा संशय तरी कोण घेणार? आपल्या मित्रांचे हात मोकळे राहिले, ते काही अंशी या मौनाच्या आडोशाने. आपण ज्याला निरागसता म्हणतो, त्या निरागसतेची किंमत दुसरेच कोणी तरी मुकाट्याने मोजत होते.

गतकाळाचे गोडवे गाताना आणखी दोन गोष्टी विसरून चालणार नाही. तरुणाने तरुणीशी चार शब्द बोलणेही जेथे अवघड, तेथे सगळा जिव्हाळा मित्रावरच ओतला जाई. त्या मोकळेपणामागे स्त्रियांना घातलेले कुंपण होते. शिवाय महाराष्ट्रात स्पर्श हा कधीच केवळ स्पर्श नव्हता. कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे पुष्कळदा जातच ठरवीत असे. वसतिगृहातील ज्या मुलांनी ही रेघ ओलांडून एका ताटात जेवण घेतले आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकले, त्यांनी राज्यघटनेचे सतरावे कलम आपल्यापुरते अमलात आणले. मित्राच्या हाताचे सामर्थ्य एवढे मोठे असते, म्हणूनच तो आखडता होणे हा सामाजिक तोटा आहे.

आजच्या संकोचामागे भीतीइतकीच प्रतिष्ठाही आहे. घरे स्वतंत्र झाली, खोल्या वेगळ्या झाल्या, एका सतरंजीवर चौघांनी झोपण्याची गरज उरली नाही. याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. मुलगे आणि मुली एकत्र वावरू लागले, हेही इष्टच झाले. परंतु त्यामुळे हातात हात ही केवळ प्रेमिकांची खूण ठरली. मित्राचा हात धरणे हे गावंढळपणाचे लक्षण मानले जाऊ लागले आणि गावाकडून शिकायला आलेला मुलगा पहिल्या दोन महिन्यांतच अंतर राखायला शिकतो. क्रिकेटमध्ये गडी बाद झाला की सारा संघ एकमेकांना कवटाळतो, गणपतीच्या मिरवणुकीत कोणीही कोणाच्या खांद्यावर चढतो आणि दोन पेले पोटात गेले की मित्राच्या गळ्यात पडून रडण्याची मुभा मिळते. म्हणजे गरज आटलेली नाही. ती भागविण्यासाठी निमित्त लागू लागले आहे.

ही गरज किती खोल असावी, याचा विचार करायला लावणारा एक आकडा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. कर्ज, आजार, कौटुंबिक कलह अशी त्यांची कारणे अनेक असतात. मित्राने खांद्यावर हात ठेवल्याने कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु संकटातला पुरुष आपले दुःख कोणापाशी आणि कसे उघड करतो, हा प्रश्न या आकड्यापुढे टाळता येत नाही.

यावर मौनाकडे परत जा, असे सांगणारे आहेत. ते शक्य नाही आणि न्याय्य तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १ जुलै २०२४ पासून तर ती जुनी दंडसंहिताही राहिली नाही. आता नाव उघड झाले आहे आणि ते उघडच राहणार. मित्राचा हात सोडायला लावते ते हे नाव नव्हे. ते नाव शिवी म्हणून वापरण्याची आपली सवय होय. ‘तू तसा आहेस काय?’ या प्रश्नात जोवर अपमान आहे, तोवर प्रत्येक मुलगा आपण तसे नाही हे सिद्ध करण्यासाठी मित्रापासून हातभर दूर उभा राहील. ज्या दिवशी त्या प्रश्नातला अपमान जाईल, त्या दिवशी खुलासा करण्याचे कारणही उरणार नाही. समलिंगी व्यक्तींना मिळणारा सन्मान आणि इतर पुरुषांच्या मैत्रीचा मोकळेपणा यांत विरोध आहे, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

अर्थात, हा मोकळेपणा कोणावर लादता येणार नाही. ज्याला स्पर्श रुचत नाही, त्याचे अंतर राखणे हाही मैत्रीचाच धर्म होय. थट्टेच्या नावाखाली होणारी अंगलट तर निषिद्धच. परंतु वर्गात दोन मुले गळ्यात हात टाकून बसली आणि मागून तो शब्द आला, तर शिक्षकाने ऐकले न ऐकलेसे करू नये. तेथे ना मुलांना दूर बसवावे, ना त्यांच्या निर्दोषपणाचा निर्वाळा द्यावा. शब्द फेकणाऱ्याला तेवढे विचारावे की, यात हसण्यासारखे काय आहे? कचेरीत सहकाऱ्याचे वडील गेले असता त्याच्याशी रजेच्या अर्जाविषयी बोलून आपण आपल्या जागेवर परततो. त्याऐवजी घटकाभर त्याचा हात हातात घेऊन बसावे. आजूबाजूचे काय म्हणतील, याचा विचार त्या वेळी त्याच्या मनात नसतो; तो आपल्याच मनात असतो.