समजून घ्या : ग्रोथ हार्मोनने हृदय बळकट होते का?

दंड फुगवण्यासाठी जिममध्ये टोचले जाणारे ग्रोथ हार्मोन हृदयाचा स्नायूही वाढवते, हे खरे. पण वाढलेला स्नायू चांगला चालतोच असे नाही.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तयार करते. ते फारच कमी असेल तर हृदयाची भिंत पातळ राहते, आकुंचन मंदावते. अशा रुग्णांना उपचाराचा उपयोग होतो.

ॲक्रोमेगॅलीत उलटे घडते. ग्रंथीवरची गाठ वर्षानुवर्षे जादा संप्रेरक सोडते. सुरुवातीला हृदय जोराने चालते. मग भिंत जाड आणि ताठ होते, दोन ठोक्यांमध्ये हृदय नीट सैलावत नाही, रक्त पुरेसे भरत नाही. कुणकेश्वरच्या आंबा बागायतदाराला हे पटकन कळेल : कलम नुसते पालवीने माजले की मोहोर रुसतो, म्हणून तर कल्टार घालून वाढ आवरतात.

मग हे औषध दुबळ्या हृदयाला का देत नाहीत? देऊन पाहिले. १९९६ मध्ये इटलीत ७ रुग्णांत सुधारणा दिसली. १९९८ च्या मोठ्या तुलनात्मक चाचण्यांत रुग्णांच्या प्रकृतीत फरक पडला नाही.

खेळाडूंना ते निषिद्धच आहे. अंगठी घट्ट होत असेल, चपलेचा नंबर वाढत असेल, तर रक्तातील आयजीएफ-१ तपासून घ्या. आणि कुणकेश्वरहून बांबोळी किंवा कोल्हापूर गाठलेच, तर इंजेक्शन घेतल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. ईसीजीत ते लिहून येत नाही.