एकाच कामाचा माणूस

बी.कॉम.ला असताना अॅडम स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण मी पाठ केले होते. १७७६ सालच्या त्या ग्रंथातली दहा माणसे काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. उत्पादन वाढते, हे खरेच. पण टाचणीला फक्त टोक काढणाऱ्याने कारखाना सुटल्यावर कुठे जायचे, हे परीक्षेत कोणी विचारले नाही.

ते मला घरात कळले. वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. बोलता बोलता तुटलेला दोरा सांधायचे, इतका हात बसलेला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळांना परत जाता आले नाही, त्यांत वडीलही होते. साचे चालवणाऱ्यांना निदान भिवंडीचे यंत्रमाग होते. तास जास्त, पगार कमी, पण कसबाला गिऱ्हाईक होते. रिंगवाल्याचे कसब सूत काढणाऱ्या गिरणीबाहेर कोण घेणार? वडिलांनी भाजीची पाटी उचलली.

मग ते साच्यावर का नव्हते? कारण आजोबा रिंगवर होते आणि भरती ओळखीनेच व्हायची. आजोबांच्या काळी धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळ होतो म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. कामाची वाटणी वेगळी आणि माणसांचीच वाटणी वेगळी, हा भेद त्यांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिला. आमच्या घरात त्या वाटणीची किंमत तिसऱ्या पिढीने मोजली.

आज आपली मुले-मुली गोदामात दिवसभर खोक्यांवरचे पट्टे मशीनने वाचतात. काम आठवड्यात शिकता येते, म्हणून मालकाला माणूसही आठवड्यात बदलता येतो. हे काम सोडू नका, पण महिन्याअखेर घरात बसून एक प्रश्न विचारा : दुसऱ्या दारात चालेल असे या महिन्यात काय शिकलो? आयटीआयचा दाखला देशभर चालतो, तो मिळवा. युनियन असेल तर पगाराबरोबर दुसऱ्या खात्याचे काम शिकवण्याची आणि शिकल्याचा लेखी दाखला देण्याची मागणी करा.

वडिलांच्या हातात कसब होते. त्याचा कागद नव्हता आणि दुसरे दार नव्हते.