एक नंबर मोठं घ्या!

"चष्मा आहे ना? मग एक नंबर मोठं घ्या की!"

चष्मेवाल्या माणसाने हेल्मेटच्या दुकानात पाऊल टाकलं की हा मंत्र कानावर पडतोच. दुकानदार म्हणतो, मित्र म्हणतो, बरोबर आलेला मेव्हणासुद्धा म्हणतो. लहानपणी आई शाळेचे बूट "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून एक नंबर मोठे घ्यायची, त्यातलाच हा हिशोब. फरक एवढाच की मोठ्या बुटात फार तर पाय अडखळतो.

मंडळी, हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो इतक्या आपुलकीने दिला जातो म्हणून जास्तच धोक्याचा आहे.

हेल्मेट म्हणजे वरचं टणक, चकचकीत कवच, अशी आपली समजूत असते. खरं काम त्याच्या आतला थर्माकोलचा दाट थर करतो. डोकं आपटलं की तो थर चेपतो, डोक्याचा वेग एकदम न थांबता त्या चेपण्यात थोडा जिरतो, आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. हे सगळं घडायला हेल्मेट आपल्या जागेवर असावं लागतं. ढगळ हेल्मेट पहिल्याच दणक्याला फिरतं, सरकतं, पट्टा लावलेला असला तरी निघून येऊ शकतं. मग दुसरा दणका थेट डोक्याला. म्हणजे चष्मा टोचू नये म्हणून आपण काय केलं, तर हेल्मेटची टोपी केली.

आणि गंमत म्हणजे चष्म्याला मुळात मोठं हेल्मेट लागतच नाही! त्याला जागा लागते ती कानशिलापाशी, काडी आत सरकेल एवढी. काही मिलिमीटरचा मामला. त्यासाठी सगळं हेल्मेट मोठं घेणं म्हणजे कॉलर काचते म्हणून अख्खा शर्ट ढगळ शिवून घेणं. चष्म्याचा विचार केलेल्या हेल्मेटमध्ये गालाच्या गाद्यांना काडीसाठी चर ठेवलेली असते. काही हेल्मेटच्या गाद्या काढता येतात, तशाच पातळ गाद्या वेगळ्या मिळतात. पण हे आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही. काही उस्ताद घरी ब्लेड घेऊन आतला थर्माकोलच कोरतात. त्यांना कोपरापासून नमस्कार.

आता 'आतल्या काचेची' गोष्ट. हल्ली डबल व्हायझरच्या हेल्मेटची चलती आहे. बाहेर पारदर्शक काच, आत खटका ओढला की खाली येणारी काळी काच. "चष्मेवाल्यांसाठी बेस्ट!" असं म्हणून हेच पुढे केलं जातं. त्यात तथ्य आहे, खोटं कशाला बोला. नंबरचा चष्मा असलेल्या माणसाला साधा गॉगल घालता येत नाही. ऊन पडलं की काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा घेतल्या, तर त्या व्हायझरमागे नीट काळ्या होत नाहीत, कारण त्यांना काळं करणारे अतिनील किरण व्हायझरच बहुतेक अडवून टाकतो. तेव्हा एप्रिलच्या उन्हात सोलापूर रस्त्याला लागायचं असेल तर ती आतली काच म्हणजे खरोखर सुख आहे.

पण कधी? ती चष्म्याला न टेकता खाली आली तर! पुष्कळ हेल्मेटांत ती थेट फ्रेमवर येऊन बसते. मग चष्मा नाकावर दाबला जातो, काचेला काच घासते, दोन्हींवर ओरखडे. आणि ज्यांना बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे (आमच्या नात्यातले निम्मे लोक आता याच गटात!) त्यांनी तर हे फारच जपून बघावं. काच किंवा गादी फ्रेमला जरा जरी वर ढकलत असेल, तरी वाचायचा नंबर डोळ्यांसमोर येतो आणि समोरची एसटी धूसर दिसते. एसटी ही धूसर दिसून चालणारी वस्तू नव्हे. शिवाय काळी काच दिवसाची. संध्याकाळी ती वर करायची, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आणि पाऊस! बिनचष्म्याच्या माणसाला कळणारच नाही ती गोष्ट. बाहेरच्या काचेवर थेंब, तिच्या आतून वाफ, चष्म्यावर पुन्हा वाफ. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा पडला की रस्ता दिसायच्या ऐवजी नुसती रोषणाई दिसते. यावर "आतल्या व्हायझरचं" उत्तर शून्य आहे. इथे कामाला येतं ते हनुवटीजवळचं हवेचं छिद्र, काच एकच खटका उघडी ठेवता येण्याची सोय, आणि जमलं तर पिनलॉकसारखा आतून बसवायचा जादा पापुद्रा, जो दोन काचांमध्ये हवा कोंडून वाफ धरू देत नाही. तोही व्हायझरपुरताच. चष्म्याची वाफ हवा खेळती राहिली तरच जाते. दुकानात या गोष्टींबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. रंग मात्र चौदा दाखवतात.

याचा फायदा कोणाला होतो? हेल्मेटविरोधकांना. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा जी गाऱ्हाणी ऐकू आली ती आठवा. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, आणि "आम्हाला चष्मा आहे हो!" मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात पगडीधारी शिखांना सूट आहे. चष्मेधारी पुणेकरांना नाही, आणि नसावीच. पण गाऱ्हाण्याला उत्तर म्हणून एक नंबर मोठं हेल्मेट हातात दिलं की माणूस महिनाभर कुरकुरतो आणि मग ते आरशाला लटकवून फिरतो. त्याहून वाईट म्हणजे चष्मा खिशात घालून हेल्मेट घालणारे. डोकं शाबूत, डोळे रामभरोसे!

१ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय शिक्क्याशिवाय विकता येत नाही. चांगलंच झालं. पण तो शिक्का हेल्मेटची परीक्षा झाल्याचं सांगतो. आपल्या चष्म्याची परीक्षा आपणच घ्यायची असते.

ती अवघड नाही. रोजचा चष्मा घेऊन जा. आधी हेल्मेट घाला, पट्टा आवळा, डोकं डावीउजवीकडे हलवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मग काड्या सरळ आत सरकवा. वाकवून, जोर लावून घालावा लागत असेल तर ते हेल्मेट ठेवून द्या. दोन्ही काचा खाली घ्या, मोठ्याने "आऽऽ" करा, खांद्यावरून मागे बघा. आणि तसेच पंधरा मिनिटं दुकानात उभे राहा. गालाला घट्ट वाटलं तर हरकत नाही, गाद्या वापराने बसतात. कानामागे टोचलं तर मात्र ते टोचतच राहणार. बजेट असेल तर हनुवटीसकट वर उघडणारं हेल्मेट बघा, वजनाला थोडं जास्त असतं, पण चष्म्याची काढघाल वाचते. मात्र चालवताना ते खाली घेऊन बंद करायचं, सिग्नलवर वारा खायला उघडलं ते उघडंच ठेवायचं नाही.

दुकानदार वैतागेल. वैतागू दे. लक्ष्मी रोडवर चष्म्याची फ्रेम निवडायला आपण दीड तास घेतो, आरशात सतरा वेळा बघतो, बायकोला फोटो पाठवतो. नाना पेठेत हेल्मेट मात्र पाच मिनिटांत, "कोणतंही द्या, पोलिसाला दाखवायचंय" म्हणून. आणि आता तर घरबसल्या मोबाईलवरून मागवतो, डोकं न मोजता!

आपण चष्मेवाले काही मूठभर नाही. आपणच "चर आहे का? काच फ्रेमला लागते का? पातळ गाद्या मिळतील का?" हे तीन प्रश्न विचारत राहिलो, तर उद्या दुकानदार स्वतःहून सांगायला लागेल. विचारलंच नाही तर तो एक नंबर मोठंच देणार. त्याचं काय जातंय?

नंबर चष्म्याचा वाढला तर वाढू द्या. हेल्मेटचा वाढवू नका.