पंगत मोठी, ताट कोणते?

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, ठिबकची देखभाल हेच विषय मांडत असतो. या वेळचा विषय वरवर पाहता शेतीबाहेरचा वाटेल, पण तो शेतापर्यंत कसा येऊन पोचतो ते पुढे दिसेलच. विषय असा की, घरच्या मोठ्या कार्यात पाहुण्यांपुढे ताट कोणते ठेवायचे? धुऊन पुन्हा वापरायचे स्टीलचे, की जेवण झाले की फेकून द्यायचे?

आपल्या खानदेशात कार्य म्हटले की माणसे मोजून येत नाहीत. हळद असो, लग्न असो, जाऊळ असो की गंधमुक्ती. भाऊकी, सोयरे आणि गाव मिळून पाचशे पान सहज होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुण्याला पांगलेली भाऊकी एका घरी गोळा होते. हे आपले वैभव आहे आणि ते कमी करा असे कोणी म्हणणार नाही. एवढ्या माणसांना जेवू घालणे ही खानदेशी माणसाची हौस आहे आणि इज्जतही.

पण कार्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मांडवामागे जाऊन बघा. वरणाने ओली झालेली ताटे, द्रोण, प्लास्टिकचे पेले आणि त्यातच उरलेली बट्टी, भात, भाजी, असा ढीग पडलेला असतो. निम्मा वाऱ्याने उडून नाल्यात जातो. उरलेला घरचा गडी उचलतो आणि उकिरड्यावर नेऊन टाकतो. नजरेआड झाले की आपण समजतो, विषय संपला.

विषय तिथून पुढे सुरू होतो. उकिरड्यावर पडलेले ताट शेणात, पालापाचोळ्यात मिसळते. पावसाळ्यापूर्वी तोच उकिरडा आपण ट्रॉलीत भरतो आणि लागणीआधी शेतात पसरतो. शेणखत कुजलेले असते, प्लास्टिक मात्र जसेच्या तसे असते. रोटाव्हेटर मारला की त्याचे बारीक तुकडे होतात आणि मग ते वेचणे माणसाच्या हातचे राहत नाही. थर्माकोलचा तर भुगा होतो. पाहणीला गेलो की बेण्याच्या सरीत असे तुकडे हल्ली सर्रास दिसतात. शेणखत घालतो ते जमीन भुसभुशीत व्हावी म्हणून, आणि त्याच हाताने तिच्यात कधी न कुजणारी वस्तू पेरतो.

दुसरी गोष्ट जनावरांची. ताटाला भाजीचा, गुळाचा वास असतो. गाय, बैल, वासरू ते ताट अन्नासकट गिळते. अन्न पचते, प्लास्टिक कोठीपोटात अडकून राहते. पुढे जनावर चारा सोडते, फुगते, दूध आटते. डॉक्टरला पोट फाडून ते बाहेर काढावे लागते आणि उशीर झाला तर जनावर हातचे जाते. तिसरी गोष्ट, काही लोक हा ढीग पेटवून देतात. पाचट जाळू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, ते जमिनीच्या भल्यासाठी. प्लास्टिकचा धूर तर माणसाच्याच छातीत जातो.

कायद्याचे म्हणाल तर तो कधीच झाला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलची एकदा वापरायची ताटे, वाट्या, पेले, चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड आणि ३ महिन्यांपर्यंत कैद, असे त्यात आहे. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही देशभर प्लास्टिकच्या अशा वस्तू बंद केल्या. तरीही लग्नसराईत हा माल बाजारात मिळतो आणि आपण तो घेतो. दंडाच्या भीतीने सुधारणा होत नाही, हे आपण सगळे जाणतो. म्हणून कायदा बाजूला ठेवू आणि आपल्या सोयीचा, आपल्या हिशेबाचा विचार करू.

ही फेकायची ताटे आपल्या घरात शिरली तरी कशी? माणसे आळशी झाली, जुने मोडले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नाही. खरे कारण एका वाक्यात आहे आणि ते घराघरातल्या बाया विचारतात: "भांडा कोन घासी?" पूर्वी गावकीची भांडी असत. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ परात दिलेली, कोणी आईच्या नावाने ताटे दिलेली, त्यांवर नाव कोरलेले. ती मारुतीच्या देवळात किंवा गावच्या चावडीत राहत आणि कार्य निघाले की घरी येत. त्या चांगल्या रिवाजाची आठवण सगळे काढतात. पण पंगती उठल्यावर रात्री बारापर्यंत राखेने ती ताटे घासणाऱ्या सुना, जावा आणि मोलाच्या बाया यांची आठवण कोणी काढत नाही. थर्माकोल आले तेव्हा त्यांनाच पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल काय? तेव्हा स्टीलची ताटे परत आणायची असतील तर हे ओझे पुन्हा त्यांच्याच कमरेवर टाकून चालणार नाही. माझ्या सगळ्या म्हणण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

लोक दुसरे कारण पाण्याचे सांगतात. लग्ने एप्रिल-मे महिन्यात, ऊन पंचेचाळीसकडे चाललेले, विहिरीला पाणी नाही, मग ताटे धुवायची कशी? प्रश्न रास्त आहे. पण आपण ऊसवाले आहोत, पाण्याचा हिशेब आपल्याला कळतो. पाचशे माणसांचे ताट, दोन वाट्या आणि पेला धुवायला माणशी ३ लिटर पाणी धरा. मोठ्या टोपात विसळायचे, मग घासायचे, मग स्वच्छ पाण्यातून काढायचे असे तीन टप्पे केले तर एवढ्यात भागावे. एकूण झाले दीड हजार लिटर. आता एक एकर उसाला पाटाने ३ इंच पाणी दिले तर ते भरते सुमारे ३ लाख लिटर. म्हणजे एका पाळीचा दोनशेवा हिस्सा! तेवढे पाणी तर दांडातून बांधाबाहेर वाहून जाते. ज्याच्या शेतात ऊस उभा आहे, त्याने ताट धुवायला पाणी नाही असे म्हणू नये.

हां, पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या भागांतल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार असते. तिथल्या सोयऱ्याला स्टीलचा आग्रह करणे हा अन्याय होईल. तिथे पान वापरावे. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात पळस उदंड. पळसाच्या पानांची काड्यांनी टाचलेली पत्रावळ आणि द्रोण ही आपलीच वस्तू. रावेर-यावलची केळी तर देशभर जाते, मग केळीचे पान आपल्याच पंगतीला परके का? ही पाने जेवणानंतर थेट खड्ड्यात जातात आणि खत होतात. त्यात चार पैसे डोंगरातल्या माणसाच्या हाती पडतात, हेही लहान नाही.

बगॅसच्या ताटांविषयीही सभासद विचारतात. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असते आणि आधी तो बॉयलरला लागतो. त्याच्या लगद्यापासून दाबून केलेली ताटे चांगली असतात, निव्वळ बगॅसची असतील तर कुजतातही. पण घेताना पारख करावी. कागदी म्हणून, पानाची म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ताटांना आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. एक ताट फाडून रात्रभर पाण्यात टाका. सकाळी चकचकीत पापुद्रा वेगळा निघाला तर समजा, हे कुजणार नाही. अशा प्लास्टिक चढवलेल्या कागदी ताटांवरही राज्यात जुलै २०२२ मध्ये बंदी आली आहे.

आता मुख्य उपाय. आपण सहकारातली माणसे आहोत. एकट्याला कारखाना काढता येत नाही म्हणून विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या भागांवर कारखाना उभा केला आणि तीच वाट पुढे आपण धरली. मग पाचशे ताटे एकट्याने का घ्यायची? पंचवीस घरांच्या भाऊकीने घरटी वीस ताटे, चाळीस वाट्या, वीस पेले दिले की संच तयार. वर्षाला दहा कार्ये धरली तर दर वर्षी पाच हजार आणि पाच वर्षांत पंचवीस हजार फेकायची ताटे वाचतात. वाट्या, पेले वेगळेच. तेवढ्या मालाचा भाव दुकानात विचारून आपापला हिशेब मांडा. लागण एकदा करायची आणि खोडवे घेत राहायचे, असा हा व्यवहार आहे. फरक इतकाच की या खोडव्याचा उतारा घटत नाही.

घासण्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय मात्र हा संच कुलपातच राहील. त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, कार्याच्या खर्चात मंडप, बँड, आचारी यांच्याबरोबर भांडी घासणाऱ्यांची मजुरी आधी लिहावी आणि ती पोटभर द्यावी. बँडवर जेवढा खर्च करतो त्याचा थोडा हिस्सा त्यांना मिळाला तर काही बिघडत नाही. दुसरी, तरुण मंडळींनी वाढपाबरोबर घासणेही अंगावर घ्यावे. यात कमीपणा नाही. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात, अमृतसरच्या सुवर्ण मंदिरात रोज हजारो माणसे स्टीलच्या थाळीत जेवतात आणि त्या थाळ्या घासायला पुरुष, बाया, शिकलेले, पैसेवाले सगळे बसतात. ती सेवा मानतात. आपल्याकडे वाढणारा पोरगा मिरवतो आणि घासणारा लपतो. हे उलटे व्हायला नको का?

स्वच्छतेची शंका २०२० च्या कोरोनापासून वाढली आहे. तीही खोटी नाही. साबणाने घासून, उकळत्या पाण्यातून काढून, आपल्या उन्हात तासभर वाळवलेल्या ताटाला नाव ठेवायला जागा राहत नाही. गोदामात महिनोन्‌महिने धूळ खात पडलेले ताट काही त्याहून स्वच्छ नसते.

स्टीलच्या ताटाचा आणखी एक फायदा आहे. उरलेले अन्न निर्भेळ राहते. ते गांडूळखताच्या खड्ड्यात जाते. प्लास्टिकमध्ये मिसळले की ना जनावराचे, ना जमिनीचे.

फैजपूरचे उदाहरण इथे सांगावेसे वाटते. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली. एवढा मोठा मेळा आपल्याच मातीत, आपल्याच वस्तूंनी साजरा झाला आणि त्याची शोभा कमी झाली नाही. मग पाचशे माणसांच्या जेवणाला बाहेरचा कचरा कशाला?

आणि एक साधी गोष्ट. कानबाईचा नैवेद्य आपण थर्माकोलच्या ताटात दाखवतो का? नाही. मग भाऊकीतला माणूस, लेकीच्या सासरची माणसे, दुरून आलेला पाहुणा यांना त्यात का वाढावे? आपल्या फडावर येणारा ऊसतोड मजूरसुद्धा आपली ताटली, पातेले सोबत घेऊन येतो आणि धुऊन पुन्हा वापरतो.

तेव्हा विनंती अशी की, येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक गावच्या सभासदांनी एकदा बसावे. भाऊकीचा किंवा गावचा संच करायचा का, तो ठेवायचा कुठे, मोजून द्यायचा-घ्यायचा कोणी आणि घासणावळ किती, एवढे चार मुद्दे ठरवून वहीत लिहावेत. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे स्मरण करायचे आहे त्यांनी त्यांच्या नावाने पन्नास ताटे या संचात द्यावीत. ते नाव पुढच्या प्रत्येक पंगतीत वाचले जाईल. आणि तोवर एवढे तरी करा, शेणखताची ट्रॉली भरताना त्यातले प्लास्टिक वेचून बाजूला काढा. जमीन आपली आहे, ती पुढच्या पिढीला द्यायची आहे.

जय किसान, जय सहकार.

— आपला,
ऊस विकास अधिकारी