काट्यावर जाण्याआधी काटा ओळखा



ऊस काट्यावर नेताना आपण किती जागरूक असतो! रिकाम्या गाडीचं वजन किती, भरल्या गाडीचं किती, उतारा कितीचा लागला, यावर वार्षिक सभेत आपण तास-तास बोलतो. पण घरातल्या अधू माणसाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात नेताना तिथं काय मोजणार आहेत, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक नसतं. त्यापायी हक्काची गोष्ट कशी हातची जाते ते सांगतो.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याचं. गावातल्या एका सभासदाच्या पायावरून ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचं चाक गेलं. पाय वाचला, पण गुडघा पुरता वाकत नाही आणि घोट्यात ताकद उरली नाही. एके काळी चैत्री यात्रेत सासनकाठी नाचवणारा हा गडी. तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "पायऱ्या चढता येतात का?" हा म्हणाला, "व्हय की! जोतिबाच्या चढतोय न्हवं." कठडा धरून, दर दहा पायऱ्यांना बसत चढतो, आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडवत नाही, हे बोलला नाही. "खाली उकिडवं बसता येतं?" "येतंय की." उठवायला पोरगा लागतो, हे गिळलं. चारचौघांत कमीपणा नको! दाखला आला ३७ टक्क्यांचा.

आता ३७ आणि ४० यांत काय एवढं? तर सगळं त्यातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ ओढली आहे. एसटीची ७५ टक्के सवलत ४० पासून. संजय गांधी निराधार योजनेलाही निदान ४० लागतात. त्या योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ साली १५०० वरून २५०० रुपये महिना केलं. तिथं उत्पन्नाची अट आहे, पण अल्पभूधारक घराला एवढी रक्कम थोडी नव्हे. आमचा गडी तीन टक्क्यांनी रेघेच्या अलीकडं राहिला.

हे टक्के डॉक्टरांच्या मर्जीवर ठरत नाहीत. केंद्र सरकारनं २०१८ साली त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२४ साली त्या सुधारल्या. २०१८ च्या सूचनांत पायाचे दोन हिशेब मांडले आहेत. पहिला हालचालीचा : खुबा, गुडघा, घोटा किती वळतो आणि स्नायूंत जोर किती. दुसरा स्थैर्याचा. त्यात नऊ गोष्टी, प्रत्येकीला १०, एकूण ९० : सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, पायऱ्या चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं. दुखणं, सांध्याचा वाकडेपणा, बधिरपणा यांना जादा टक्के आहेत, पण ते सगळे मिळून १० च्या वर जात नाहीत.

दोन्ही आकड्यांची सरळ बेरीजही होत नाही. मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. आमच्या गड्याला हालचालीचे ३० आणि स्थैर्याचे १० धरले, म्हणून झाले ३७. पायऱ्या आणि उकिडवं बसणं यांचं खरं सांगितलं असतं आणि तेही धरलं असतं, तर स्थैर्याचे ३० होऊन दाखला ५० चा निघाला असता. दोन वेळच्या "येतंय की"ची ही किंमत!

दोष एकट्या गड्याचा नाही. "येतं का?" एवढंच विचारून भागत नाही. इंग्लंडात २०१३ पासून जो अपंग भत्ता आहे, त्यात ती गोष्ट सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमते का, हे बघावं असा नियमच आहे. एकदा जमलं म्हणजे जमतं, असं तिथं धरत नाहीत. आपल्याकडंही तपासणाऱ्यांनी हेच विचारायला हवं. फरशीवर चार पावलं टाकणारा माणूस रात्री पाणी पाजायला ओल्या बांधावरून जाऊ शकतो का, हे फरशीवर कसं कळणार?

तोवर आपण काय करावं? यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करावा. तपासणीला जाताना अपघाताचे कागद, एक्स-रे, जुने केसपेपर न्यावेत. घरचं माणूस बरोबर असावं. नऊ गोष्टींपैकी कोणती जमत नाही, कोणती आधारानं जमते, नंतर काय त्रास होतो, ते लाज न धरता सांगावं. निकाल पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. आमच्या गड्याला हे कुणी सांगितलंच नाही. कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं.

वाढवूनही सांगू नये. खोटेपणानं सवलत लाटली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय एक खोटा लंगडणारा दहा खऱ्यांवर संशय आणतो.

माझी सूचना साधी आहे. ऊसनोंदीला चिटबॉय बांधाबांधावर जातात, कोणत्या घरात कोण अधू आहे हे त्यांना माहीत असतं. प्रत्येक गट कार्यालयात हा अर्ज भरून देणारा आणि ही नऊ कलमं समजावून सांगणारा एक माणूस नेमावा. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडणार आहे. सभासदांनी पाठिंबा द्यावा.

डोंगर चढवत नाही म्हणून जोतिबा कुणावर रागवत नाही. मग डॉक्टरपुढं खरं सांगायला लाज कसली? चांगभलं!

— एक ऊस उत्पादक सभासद