गृहारोग्य : हा ज्वर अंगावर काढूं नये

मुंबईच्या टाटा रुग्णालयांतून केमोथेरपी घेऊन कोणी पेडगांवीं घरीं परतला, कीं त्याच्या ज्वरावर कुटुंबानें डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें. त्या औषधांनीं अस्थिमज्जा मंदावते. जंतूंशीं झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या घनमिलिमीटरमागें ५०० च्या खालीं गेल्या, तर साधा संसर्गही जिवावर बेततो. मज्जेस चेतविणारें फिलग्रास्टिम १९९१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें व आज आपल्याकडेही मिळतें. परंतु त्यानें पेशी पुरेशा वाढण्यास दिवस लागतात, जंतु मात्र तासांत फैलावतात. आधीं प्रतिजैविकेंच हवींत. म्हणून ज्वरमापक १००.४ अंश दाखवितांच काढा देत अथवा वडीलधाऱ्यांच्या संमतीसाठीं खोळंबत बसूं नये. त्याच रात्रीं परभणीचें रुग्णालय गांठावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंति आहे.