चाळीस हजारांचा गेमिंग पीसी : पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात नाही



"सर, सोलापुरात राहून कॉम्प्युटर असेंब्लीचा धंदा करता येईल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं उत्तर 'हो' आहे. भांडवल कमी लागतं. गाळा नसला तरी घरातल्या एका टेबलावर सुरुवात होते. गेम खेळणारी कॉलेजची पोरं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, हॉलमध्ये मोठा टीव्ही लावून घरीच थिएटर करू पाहणारे, असा ग्राहक सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत सगळीकडे आहे.

पण सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. ग्राहकाचं बजेट कमी पडलं, की तुम्ही कात्री कुठे लावणार? या धंद्यात तुम्ही टिकणार की वर्षभरात गुंडाळणार, हे माझ्या मते याच एका उत्तरावर ठरतं.

ग्राहकाला काय दिसतं आणि काय दिसत नाही

आजचा ग्राहक मोबाईल हातात घेऊनच येतो. प्रोसेसरचा भाव त्याला पाठ असतो, ग्राफिक्स कार्डचा भाव तो तुमच्यासमोर ऑनलाइन चेक करतो. म्हणजे या दोन वस्तूंवर तुम्हाला फारसं काही सुटत नाही. मग असेंबल करणारे कमावतात कुठे? जिथे ग्राहक बघत नाही तिथे. म्हणजे पॉवर सप्लाय, ज्याला आपण सगळे एसएमपीएस म्हणतो.

कोटेशनवर लिहिलेलं असतं, 'एसएमपीएस ४५० वॅट'. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. तिथे हजार-दीड हजार वाचतात. त्या पैशात रंगीत लाइटचं काचेचं कॅबिनेट बसतं आणि ग्राहक खूश होऊन घरी जातो. माझं स्पष्ट मत आहे : नेमकं इथेच कमवायचं नाही.

लेबल वाचायला शिका

आपल्याकडे चादर घेताना माणूस ती हातात घेतो, वजन तोलतो, वीण बघतो. मगच भाव विचारतो. एसएमपीएसचं असं हातावर तोलून कळत नाही. त्याचं लेबल वाचावं लागतं.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डला मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवरून वीज मिळते. म्हणून लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. समजा तिथे १६ अँपिअर आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेलं असलं, तरी कामाची ताकद १९२. रेडिऑन आरएक्स ६६०० हे बजेटमधलं लोकप्रिय कार्ड एकटंच १३२ वॅटपर्यंत खातं. उरलेल्या ६० वॅटमध्ये प्रोसेसर, हार्ड डिस्क, पंखे कसे चालवणार? गेम सुरू झाला की मशीन बंद पडणार आणि ग्राहक म्हणणार, "तुम्ही दिलेलं कार्ड खराब आहे."

'८० प्लस' या शिक्क्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. तो शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. जास्त व्होल्टेज आलं किंवा शॉर्ट झालं तर मशीन वाचेल की नाही, हे तो सांगत नाही. त्या संरक्षणाची माहिती मॉडेलच्या कागदावर वेगळी शोधावी लागते.

आणि आपलं गाव विसरू नका. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो, धूळ भरपूर, वीज जाते-येते. जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसी खोलीत चालणारी चिंधी वस्तू इथे मे महिन्यात मान टाकते. म्हणून मशीन बसवायला जाल तेव्हा अर्थिंग तपासा. नसेल तर स्पष्ट सांगा, "आधी इलेक्ट्रिशियन बोलवा."

मग कात्री कुठे लावायची?

समजा मॉनिटर सोडून ४० हजारांचं बजेट आहे. मी या क्रमाने कापेन.

१. दिखावा. रंगीत लाइट, काच, चमकणारी रॅम. पुढून जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या, हवा खेळती राहते.

२. ग्राफिक्स कार्ड. हो, गेमिंग पीसीमध्येसुद्धा! ग्राहक व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ खेळणार असेल, तर रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी यांच्या आतल्या ग्राफिक्सवर सेटिंग कमी ठेवून काम भागतं. कार्ड सहा महिन्यांनी घेऊ दे. पण त्यासाठी ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आजच टाका. छोटा एसएमपीएस टाकून मोठं कार्ड घ्यायला लावणं हे उलटं गणित आहे.

३. मदरबोर्डवरचे न लागणारे लाड. ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचंच नाही, त्याला महागडा बोर्ड विकू नका.

दोन ठिकाणी नवीन माणूस हमखास फसतो. आतल्या ग्राफिक्सला रॅमच वापरावी लागते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी टाकण्यापेक्षा ८-८ च्या दोन टाका. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. दुसरं, इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, जसं आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतंच. कार्डाशिवाय स्क्रीनवर काही येणार नाही.

जुनं मशीन घेऊन विकणाऱ्यांनीही सावध राहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं. स्वस्तात मिळालेलं सहाव्या पिढीचं मशीन गेमरला विकलंत, तर ते परत तुमच्याच दारात येणार.

होम थिएटरवाला ग्राहक वेगळा

त्याला पहिला प्रश्न विचारा, "बघणार काय?" फक्त ओटीटी बघणार असेल तर त्याला टीव्हीला लावायची स्टिक घ्यायला सांगा. पीसीच्या ब्राउझरमध्ये बरेच ओटीटी पूर्ण फोर-के देत नाहीत. तुमची एक विक्री गेली, पण तो माणूस चार जणांना तुमचं नाव सांगेल.

स्वतःचा सिनेमांचा साठा, फोटो, यूट्यूब असं सगळं एका जागी हवं असेल तर पीसी द्या. इथे ताकदीपेक्षा शांतता महत्त्वाची. फोर-के व्हिडिओ आता बऱ्याचदा एव्ही१ प्रकारात येतात. इंटेलच्या बाराव्या पिढीचं ग्राफिक्स आणि ६ वॅटचा छोटा एन१०० हे व्हिडिओ सहज उलगडतात. रायझन ५६००जी मध्ये ती सोय नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा पळायला लागतो आणि सिनेमाच्या शांत प्रसंगात तोच ऐकू येतो. म्हणजे गेमिंगसाठी जो प्रोसेसर मी सुचवला, तोच इथे नको. फोर-के ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० आहे का तेही बघा, १.४ असेल तर ३० वरच अडकाल. अॅम्प्लिफायर असेल तर पीसीची केबल आधी त्यात, मग तिथून टीव्हीला.

माल भरून ठेवू नका

२०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डं मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. चढ्या भावात साठा केलेल्यांचे हात पोळले. २०२५ च्या शेवटी उलटं झालं. मेमरीचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, रॅम भडकली, आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' ब्रँडची ग्राहक-विक्री थांबवण्याची घोषणा केली. ज्यांनी जुन्या भावात महिनाभराची कोटेशन दिली होती, त्यांना फरक खिशातून भरायची वेळ.

लहान माणसाने हा जुगार खेळू नये. कोटेशनवर 'भाव ३ दिवसांसाठी' लिहा, अॅडव्हान्स घ्या, मगच पुण्याहून किंवा हैदराबादहून माल मागवा. मागवताना विचारा, वॉरंटीसाठी वस्तू सोलापुरात जमा होते की बाहेर पाठवावी लागते.

मग कमवायचं कशावर?

उघडपणे, कामावर. कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाका : 'जोडणी, टेस्टिंग आणि घरी बसवणे'. समजा १,५०० रुपये. विंडोजच्या लायसन्सचीही वेगळी ओळ. चोरीचं विंडोज टाकून देऊ नका.

तुम्ही म्हणाल, "सर, सोलापूरचा माणूस फी देत नाही, भाव करतो." करू दे. पण त्याला दाखवा तरी, की या पैशात दोन तास गेम चालवून तापमान तपासलं जातं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर येतो, सहा महिन्यांनी धूळ साफ करून मिळते. पुण्यात दोन हजार वाचवणाऱ्याला मशीन बिघडल्यावर अडीचशे किलोमीटर जावं लागतं. हे हिशेबात मांडून दाखवलं की काही जण तरीही जातील. त्यांना जाऊ द्या. उरतील ते तुमचे.

कायद्याची बाजूही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट जोडून वस्तू तयार करणाराही 'उत्पादक' धरला आहे. म्हणजे स्वस्त एसएमपीएसने घरात काही जळालं, तर "मी फक्त जोडून दिलं" हे चालणार नाही.

जीएसटीचं सांगायचं तर कॉम्प्युटर पार्ट्सवर १८ टक्के. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण तुम्ही फी घेऊन सेवाही देणार, म्हणून २० लाखांची मर्यादा धरून चला. विजापूर-गुलबर्ग्याला माल पाठवून विकणार असाल, तर तो दुसऱ्या राज्यातला व्यवहार. तिथे पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. सीएला एकदा विचारून घ्या.

या आठवड्याचा होमवर्क

बाजारात जा. ४० हजारांच्या गेमिंग पीसीची तीन दुकानांतून कोटेशन आणा. त्यात एसएमपीएसचं नाव आणि मॉडेल किती जणांनी लिहिलंय ते बघा. ज्यांनी लिहिलं नाही, त्यांची ती रिकामी जागा म्हणजे तुमची संधी. मग स्वतःचं कोटेशन तयार करा आणि ती ओळ सगळ्यात वर लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!